आउटर हेब्रिडीज: गाडीने बेटामागून बेट. नियोजनासाठी मदत हवी आहे

निळीखाडी

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये आईबाबा रत्नागिरीहून आमच्याकडे लीड्सला येत आहेत. लंडन, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट त्यांचं मागच्या खेपेला झालं. या वेळी बाबांनी स्वतःच नकाशा उघडला आणि स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात जी बेटांची लांबच लांब रांग दिसते तिच्यावर बोट ठेवलं: "इथे जायचं." त्यांची सगळी नोकरी बंदर खात्यात गेली. त्यामुळे एका प्रवासात इतक्या फेरी बोटी मिळणार म्हटल्यावर त्यांचा निश्चय पक्का झाला आहे. आईची अट एकच, रोज सामान बांधून पळायचं नाही. ती मासे खात नाही.

सध्या डोक्यात आहे ते असं: लीड्सहून ओबन, तिथून बोटीने बॅरा, मग एरिस्के, साउथ युइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ युइस्ट, बर्नरे, हॅरिस, लुईस आणि स्टॉर्नोवेहून परत मुख्य भूमीवर अल्लापूलला. हाताशी साधारण दहा दिवस. गाडी आमचीच. प्रत्येक बेटावर एकेक रात्र धरली होती, पण हे आईच्या अटीत बसत नाही हे लिहितानाच दिसतंय.

प्रश्न: बोटींचं बुकिंग किती आधी करायचं? रविवारी सगळं बंद असतं हे कितपत खरं? दूर समुद्रातलं ते ओस पडलेलं बेट, सेंट किल्डा, जमेल का? आणि बाबांना थोडी गाडी चालवायची आहे, भारतीय परवान्यावर चालेल का?

ग्लासगोकर

निळीखाडी, बाबांना माझा नमस्कार सांगा. जागा उत्तम निवडली आहे.

सगळ्यात आधी बोटी. हॉटेल, किल्ले, किनारे सगळं नंतर. तुमच्या मार्गावर चार बोटी लागतील: ओबन ते बॅराचं कॅसलबे (पावणेपाच तासांच्या आसपास), बॅराच्या आर्डव्होरहून एरिस्के (सुमारे ४० मिनिटं), बर्नरेहून हॅरिसचं लेव्हरबरा (साधारण तासभर) आणि स्टॉर्नोवेहून अल्लापूल (पावणेतीन तास धरा). चारही कॅलमॅक या फेरी कंपनीच्या. लोकांचं लक्ष पहिल्या आणि शेवटच्या मोठ्या बोटीवर असतं आणि मधल्या दोन छोट्या राहून जातात. अडकायला होतं ते तिथेच. त्या बोटींवर गाड्यांना जागा मोजकी असते आणि त्या चुकल्या तर गाडीला दुसरा रस्ता नाही, कारण बॅरा आणि एरिस्केच्या मध्ये, तसंच बर्नरे आणि हॅरिसच्या मध्ये पूल नाही.

उन्हाळ्याचं वेळापत्रक बुकिंगला खुलं झालं की त्याच आठवड्यात चारही बोटी एकदम घ्या. अनेक टप्पे एकत्र देणारं 'हॉपस्कॉच' तिकीट मिळतं, त्याची चौकशी करा. २००८ पासून या बेटांच्या बोटींना, तेवढंच अंतर रस्त्याने गेलं तर जो खर्च येईल त्या हिशेबाने भाडं लावायला सुरुवात झाली. भाडी उतरली आणि गाड्या वाढल्या. बेटांवरच्या माणसाला दवाखान्यासाठी मुख्य भूमीवर जायचं असलं तरी जूनमध्ये त्याला त्याच रांगेत जागा शोधावी लागते. म्हणून बुकिंग बदललं तर जुनी जागा लगेच सोडा, ती कुणाच्या तरी खऱ्या गरजेची असते.

आणखी एक. वारा वाढला की बोट रद्द होते, उन्हाळ्यातही. परतीच्या बोटीनंतर एक रात्र मोकळी ठेवा. आईबाबांचं भारतात परतायचं विमान त्याच आठवड्यात असेल तर दोन ठेवा.

चाकांवर

दिशा बरोबर धरली आहे. आम्ही सायकलवाले दक्षिणेकडून उत्तरेकडेच जातो, कारण इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो आणि पाठीला लागतो. सायकलचा आखलेला मार्ग व्हॅटरसे ते बट ऑफ लुईस असा १८५ मैलांचा आहे: दहा बेटं, सहा भराव-रस्ते, दोन बोटी. गाडीला वाऱ्याचं काही नाही, पण दृश्यांचा चढता क्रम दक्षिणेकडूनच लागतो. आधी सपाट, वाळूचं, फुलांचं. मग हॅरिसचे खडक आणि डोंगर. शेवटी लुईसचं पीटचं (कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, वाळवून जाळतात ती) विस्तीर्ण माळरान.

बाबा बंदरातले आहेत म्हणून भराव-रस्त्यांबद्दल लिहितो. इंग्रजीत त्यांना कॉजवे म्हणतात: समुद्रात दगडांचा बांध घालून वरून रस्ता. बेनबेक्युला मध्ये आणि दोन्ही युइस्ट वर-खाली. यांच्यामधला समुद्र ओहोटीला इतका उघडा पडतो की पूर्वी लोक वाळूवरून चालत किंवा घोडागाडीने पलीकडे जात. भरतीची वेळ चुकली तर जीव जाई. दक्षिणेकडच्या वाळूच्या वाटेवर महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये पूल झाला, कारण बेनबेक्युलावर विमानतळ होता. उत्तरेकडचा भराव-रस्ता व्हायला १९६० उजाडलं. बर्नरे जोडलं गेलं १९९९ मध्ये आणि एरिस्के २००१ मध्ये.

व्हॅटरसेची गोष्ट तर बाबांना नक्की सांगा. तिथली गुरं बाजाराला न्यायची तर खाडीतून पोहत न्यावी लागत. १९८६ मध्ये बर्नी नावाचा एक वळू असाच पोहताना बुडाला. रस्त्याची मागणी जुनीच होती, पण त्या वळूची बातमी देशभर पोचली आणि १९९१ मध्ये रस्ता झाला.

भराव-रस्त्यावर पाणमांजरांपासून सावध राहा अशा पाट्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. भरती-ओहोटीच्या वेळी ती खरोखरच रस्ता ओलांडतात.

निळीखाडी

ग्लासगोकर, चाकांवर, मनापासून आभार. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. भरतीची कोष्टकं मिळतात का, हा त्यांचा पहिला प्रश्न!

रविवार आणि जेवण यांबद्दल कुणी सांगेल का?

मीठभाकरी

मी सांगते. आम्ही इन्व्हरनेसला राहतो आणि बेटांवर वारंवार जाणं होतं.

रविवार बेटागणिक वेगळा आहे. बॅरा, एरिस्के आणि साउथ युइस्ट ही कॅथलिक बेटं. रस्त्याच्या कडेला मेरीची छोटी देवळं दिसतात आणि साउथ युइस्टला रुएव्हलच्या उतारावर ग्रॅनाइटची मोठी मेरी उभी आहे, १९५७ सालची. तिथे सकाळची प्रार्थना झाली की दिवस बराचसा नेहमीसारखा असतो. नॉर्थ युइस्टपासून पुढे प्रोटेस्टंट मुलूख सुरू होतो. हॅरिस आणि लुईसला रविवार हा विश्रांतीचा आणि चर्चचा दिवस म्हणून आजही मनापासून पाळला जातो. स्टॉर्नोवेहून रविवारी बोट सुटायला लागली ती थेट २००९ मध्ये, आणि तेव्हा बंदरावर विरोध करणारे आणि स्वागत करणारे दोन्ही हजर होते. आता काही गोष्टी उघड्या असतात, पण दुकान, पेट्रोल, जेवण यांपैकी कशाचाच भरवसा धरू नका. शनिवारी दुपारीच टाकी भरा आणि घरात शिधा आणून ठेवा.

माझा सल्ला: रविवार बॅरा किंवा साउथ युइस्टला येईल अशी आखणी करा. नाहीच जमलं आणि हॅरिसला आला, तर डबा घेऊन किनाऱ्यावर जा. चालायला, बसायला कुणाची हरकत नसते. चर्चसमोर गाड्यांची गर्दी असेल तिथे संगीत लावून जाऊ नका, एवढंच.

जेवणाचं म्हणाल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. आईंचा निम्मा ताण तिथेच जाईल. बॅरा, साउथ युइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ युइस्ट सगळीकडे को-ऑपची दुकानं आहेत. भाज्या मिळतात, पण त्या बोटीनेच येतात. वादळ होऊन गेलं असेल तर फळ्या रिकाम्या दिसतात. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले, कणीक लीड्सहूनच न्या. छोटा कुकर विसरू नका. उपाहारगृहात शाकाहारी सूप आणि पाव बहुतेक ठिकाणी मिळतो, पण संध्याकाळी जेवणाच्या जागा थोड्या आणि त्या आधीच भरलेल्या असतात. बाबा मासे खात असतील तर बॅराला शिंपले आणि स्कॅलप खाऊ घाला. स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग प्रसिद्ध आहे, पण त्यात रक्त असतं, ते माहीत असू द्या.

एक पथ्य. बरीच घरं शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने देतात. मधल्या दिवसांसाठी घर हवं असेल तर लवकर विचारा.

मैलाचादगड

गाडीबद्दल. भारतीय परवान्यावर पाहुण्याला ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत साधी गाडी चालवता येते. गाडी तुमची आहे म्हणजे विम्यात बाबांचं नाव घालावं लागेल. वयामुळे आणि परदेशी परवान्यामुळे कंपनी नाही म्हणू शकते, तेव्हा हे आधी निकालात काढा.

रस्ते बरेचसे एकेरी आहेत, म्हणजे एकाच गाडीच्या रुंदीचे. ठरावीक अंतरावर थांब्यासाठी बगल काढलेली असते. बगल डावीकडे असेल तर आत शिरून थांबायचं. उजवीकडे असेल तर आपण रस्त्यावरच तिच्या समोर थांबायचं आणि समोरच्याला त्या बगलेतून जाऊ द्यायचं. उजवीकडे घुसायचं नाही. जो थांबतो त्याला दुसरा हात दाखवतो. बाबांना हे गुहागर-दापोलीकडच्या आतल्या रस्त्यांसारखंच वाटेल, फक्त इथे हॉर्न वाजत नाही.

आरशात मागे गाडी दिसली तर बगलेत जाऊन तिला पुढे सोडा. ती गाडी शाळेत शिकवणाऱ्याची, टपाल वाटणाऱ्याची किंवा नर्सची असते. तिला वेळेवर पोचायचं असतं. फोटोसाठी बगलेत गाडी लावून उतरणं हा इथे सगळ्यांत जास्त चिडवणारा प्रकार आहे. आणि मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात, कोकरं एकदम आईकडे पळतात. वेग कमीच ठेवा. स्टॉर्नोवे ते हॅरिसमधलं टार्बर्ट जेमतेम ३७ मैल आहे, पण दिवसाच्या आखणीत मैल मोजू नका, तास मोजा.

जुनीपानं

धागा छान चालला आहे. इतिहासाची थोडी भर घालतो, कारण स्टॉर्नोवेला पोचल्यावर समोर जो लुईस किल्ला दिसतो त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे.

१८४४ मध्ये जेम्स मॅथेसनने अख्खं लुईस बेट विकत घेतलं आणि हा वाडा बांधायला घेतला. हा पैसा जार्डिन मॅथेसन कंपनीच्या चीनमधल्या अफूच्या व्यापारातून आलेला होता. त्या व्यापारातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची, आणि मुंबईत या कंपनीचे मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आपण सगळे ओळखतो. माळव्यातला शेतकरी, मुंबईचं बंदर, कँटन आणि इथली ही हिरवळ एकाच साखळीत आहेत. किल्ल्याच्या आवारात फिरताना हे माहीत असावं असं मला फार वाटतं.

किल्ल्याला जोडूनच संग्रहालय आहे. लुईसच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या तिथे पाहायला मिळतात. १८३१ मध्ये लुईसच्या पश्चिम किनाऱ्यावर ऊइगच्या परिसरात त्या सापडल्या. वॉलरसच्या दातांतून कोरलेल्या एकूण ९३ वस्तू. त्यातल्या ८२ ब्रिटिश म्युझियममध्ये, ११ एडिंबराला. सहा सोंगट्या लंडनहून दीर्घ मुदतीवर इथे आल्या आहेत. गालाला हात लावून बसलेली राणी चुकवू नका.

मॅथेसननंतरची गोष्टही आपल्या ओळखीची. सनलाइट साबणाच्या लीव्हर कुटुंबातले लॉर्ड लीव्हरह्यूम यांनी १९१८ मध्ये लुईस आणि पुढच्या वर्षी हॅरिस घेतलं. ओब या गावाचं मोठं मासेमारी बंदर करायचं ठरवून त्याला आपलं नाव दिलं. तेच तुमच्या बोटीचं लेव्हरबरा. १९२५ मध्ये ते वारले आणि बेत तिथेच थांबला. पुढे याच कंपनीचा साबण आपल्या शिवडीच्या कारखान्यात तयार होऊ लागला. लुईस सोडताना त्यांनी स्टॉर्नोवेची जमीन तिथल्या लोकांच्या नावे केली, तो न्यास आजही चालतो.

आणि भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी, ज्यांनी दक्षिण भारतातली हजारो हस्तलिखितं आणि शिलालेखांच्या नकला गोळा करून ठेवल्या, ते स्टॉर्नोवेचेच.

ग्लासगोकर

जुनीपानं, जीजीभॉयांचा धागा मला माहीत नव्हता. आता किल्ला वेगळ्या नजरेने पाहीन.

सेंट किल्डाबद्दल. ते बेट नॉर्थ युइस्टच्या पश्चिमेला ४० मैलांवर, खुल्या अटलांटिकमध्ये आहे. लेव्हरबराहून दिवसभराच्या छोट्या बोटी जातात. जायला तीनेक तास, यायला तेवढेच, लाटा मोठ्या, आणि उतरताना मोठ्या बोटीतून लहान रबरी होडीत पाय टाकावा लागतो. हवा बिघडली की फेरी रद्द होते, म्हणून बोटवाले दुसरा एक दिवस राखीव धरायला सांगतात. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथले शेवटचे ३६ रहिवासी स्वतःच्या विनंतीवरून मुख्य भूमीवर आले. ओस पडलेली ती गल्ली पाहणं हा मोठा अनुभव आहे. पण आईंना नेऊ नका. बाबा आणि तुम्ही दोघेच जाणार असाल आणि हॅरिसला तीन-चार रात्री असतील, तरच बुक करा. एकाच राखलेल्या दिवसावर सगळी सहल टांगू नका.

निळीखाडी

इतकं मिळालं की काल रात्री बसून सगळं पुन्हा आखलं. आता मोठे मुक्काम तीनच:

बॅरा: शनिवारी संध्याकाळी कॅसलबेला उतरायचं, रविवार तिथेच.
साउथ युइस्ट किंवा बेनबेक्युला: मधले दिवस, एकाच घरातून दोन्ही युइस्ट.
हॅरिस: उरलेले सगळे दिवस. लुईस तिथूनच करायचं. शेवटची एक रात्र स्टॉर्नोवे.

आई खूश आहे. सेंट किल्डा बाबा आणि मी, हवेने साथ दिली तर. हॅरिसमध्ये राहायला पश्चिम किनारा घ्यावा की पूर्व?

वाळूवरची_अक्षरं

राहायला पश्चिम, पण एक पूर्ण दिवस पूर्वेला द्या. आणि शक्यतो पश्चिमेचे किनारे पाहून झाल्यावर.

लस्केंटायर, सेलेबॉस्ट, स्कारिस्टा इथली वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, पांढरी, म्हणून पाणी पाचूच्या रंगाचं दिसतं. ही वाळू वाऱ्याने आत येऊन पीटच्या आंबट मातीवर पसरते, चुन्याने माती गोड होते आणि त्यावर 'माखर' नावाचं कुरण उगवतं. जूनच्या शेवटी ते पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या फुलांनी भरतं. युइस्टला तर मैलोन् मैल. नॉर्थ युइस्टच्या बॅलरॅनल्ड पक्षी अभयारण्यात याच गवतात कॉर्नक्रेक लपतो. आफ्रिकेतून येणारा हा पक्षी दिसत सहसा नाही, पण त्याची खरखर रात्री स्पष्ट ऐकू येते.

आता पूर्व. तिथे नुसता खडक. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी पश्चिमेच्या या सुपीक पट्ट्यातून कुळांना हुसकून लावलं आणि जागा मेंढ्यांना दिली. बरीच माणसं समुद्रापार गेली, उरलेली या खडकाळ पूर्व किनाऱ्यावर ढकलली गेली. मेलेल्याला पुरण्याइतकी माती नव्हती, म्हणून प्रेतं खांद्यावरून डोंगर ओलांडून पश्चिमेला न्यावी लागत. त्यांनी खडकांच्या फटींत समुद्रशेवाळ आणि पीट रचून वाफे केले आणि बटाटे पिकवले. ते वाफे आजही उतारांवर समांतर रेघांसारखे दिसतात. गोल्डन रोड नावाचा वळणावळणाचा रस्ता याच वस्त्यांमधून जातो. बांधायला पैसा फार लागला म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आधी लस्केंटायर आणि मग हा रस्ता पाहिला, की काय हिरावलं गेलं ते कुणी सांगावं लागत नाही.

त्याच रस्त्यावर विणकरांची घरं आहेत. हॅरिस ट्वीडला १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे: लोकर याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी आणि कापड बेटवासीयाने स्वतःच्या घरी विणलेलं हवं. 'विणकाम पाहायला या' अशी पाटी असेल तिथे जरूर थांबा, आणि जमलं तर त्याच हाताकडून काहीतरी घ्या.

मीठभाकरी

लुईसच्या दिवसासाठी: सकाळी लवकर कॅलनिशचे उभे दगड. साधारण पाच हजार वर्षांपूर्वी उभारलेले. ते पीटमध्ये निम्मे बुडाले होते. १८५७ मध्ये त्याच मॅथेसनने दीडेक मीटर पीट काढून ते मोकळे केले. मग आर्नोलचं ब्लॅकहाउस. जाड दुहेरी भिंती, धुराडं नाही, मधोमध पीटचा विस्तव, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. १९६० च्या दशकापर्यंत तिथे लोक राहत होते. आईंना ते घर फार आवडेल.

आणि संध्याकाळी स्टॉर्नोवेजवळ होल्मला आयोलेअरचं स्मारक. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे, पहिलं महायुद्ध जिंकून घरी परतणाऱ्या नौसैनिकांची ही बोट बंदराच्या तोंडाशी खडकांवर आदळली. किमान २०१ माणसं गेली, किनारा हाकेच्या अंतरावर असताना. लुईसच्या घराघरांत त्यावर कित्येक वर्षं कुणी बोललं नाही. बाबांनी बंदरात आयुष्य काढलं आहे, त्यांना तिथे थोडा वेळ निवांत उभं राहू द्या.

निळीखाडी

हे वाचून दाखवताना बाबा गप्प झाले. होल्म नक्की.

एक शेवटचा प्रश्न: बॅराला विमान खरंच वाळूवर उतरतं का? जवळून पाहता येईल?

ग्लासगोकर

हो. ट्राय व्होर नावाच्या किनाऱ्यावर ग्लासगोहून येणारं ट्विन ऑटर उतरतं. धावपट्टी भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून विमानांचं वेळापत्रकच भरती-ओहोटीवर बेतलेलं असतं. विमानतळाच्या छोट्या इमारतीजवळून उत्तम दिसतं. वारा दाखवणारी पिशवी फडकत असेल तेव्हा वाळूवर उतरायचं नाही, हा नियम. आर्डव्होरचा धक्का तिथून अगदी जवळ आहे, तेव्हा एरिस्केच्या बोटीच्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि विमानाची वेळ गाठता आली तर दोन्ही एकाच फेरीत होईल.

भरतीची कोष्टकं ब्रिटिश जलसर्वेक्षण कार्यालयाच्या (यूके हायड्रोग्राफिक ऑफिस) संकेतस्थळावर मिळतात. कॅसलबेचं पान बाबांना आजच पाठवा.